दादा, आपण दक्षिणेला चाललोय का?

सह्याद्रीत हिंडायला लागून मला तीस वर्षं झाली. त्यातली निदान पंचवीस वर्षं मी नकाशा बाळगणाऱ्यांना हसलो. अगदी तोंडावर हसलो. मुक्कामाला चुलीभोवती बसल्यावर माझी दोन वाक्यं ठरलेली असायची. एक, ‘तोंड आहे, पाय आहेत, नकाशा कशाला?’ आणि दुसरं, ‘सह्याद्री कागदावर मावत नाही.’ दुसऱ्या वाक्याला हमखास दाद मिळायची. नवी पोरं ते लिहूनही घ्यायची.

नकाशाशी माझी ओळखच नव्हती, असं मात्र नाही. कॉलेजात मी एनसीसीत होतो. ‘बी’ आणि ‘सी’ सर्टिफिकेटच्या परीक्षेला मॅप रीडिंग असायचं. परेडनंतर दमलेल्या कॅडेटना झाडाखाली बसवून हवालदारसाहेब शिकवायचे, आणि आमचं लक्ष नाश्त्याच्या गाडीकडे. उत्तर दिशा तीन प्रकारची असते, खरी, चुंबकीय आणि ग्रिडची, एवढं घोकून मी पास झालो. एक उत्तर सापडायची मारामार, तिथे तीन कशाला, हा त्यावरचा माझा विनोद पुढे वीस वर्षं चालला.

माझ्या अडाणीपणाला थोडी परिस्थितीची साथही होती. ‘सर्वे ऑफ इंडिया’चे नकाशे, ज्यांना आम्ही टोपोशीट म्हणतो, ते आमच्या उमेदीच्या काळात सहज मिळत नसत. किनाऱ्यापासून आणि सीमेपासून साधारण 80 किलोमीटरच्या आतले नकाशे प्रतिबंधित. त्या पट्ट्यात जवळजवळ सगळ्या घाटवाटा आल्या. मग कुणाच्या तरी काकांकडून आलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स फिरायची. त्यामुळे आमची पिढी वाटा शिकली ती माणसांकडून, गावकऱ्यांकडून, आधीच्या ट्रेकरांकडून. त्यात कमीपणा काहीच नाही. पण जे मिळत नव्हतं ते नकोच होतं, असं मी सांगत सुटलो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायचं मी बरीच वर्षं टाळलंय.

2011 सालचा ऑगस्ट. राजगड ते तोरणा, धारेवरून. माझ्याबरोबर अकरा जण होते, बहुतेक नवखे. रात्री राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम केला आणि सकाळी संजीवनी माचीवरून खाली उतरून धारेला लागलो. खिंडीतला डांबरी रस्ता ओलांडला तेव्हा दुपार व्हायची होती. पुढे तासाभराने धुकं असं दाटलं की आपल्या पुढचा माणूस म्हणजे नुसती रंगीत सॅक. मला चिंता नव्हती. ही वाट मी पाच-सहा वेळा केलेली होती आणि माझा एक सिद्धांत होता: मळलेली वाट सोडायची नाही. पायाखाली वाट चांगली रुंद, मळलेली होती. मी पुढे, बाकीचे मागे.

गटात एक मुलगी होती. तिचा पहिलाच मोठा ट्रेक. सॅकच्या पट्ट्याला तिने लहानसा कंपास लटकवला होता आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता. सकाळी मी त्यावरून तिची थट्टा केली होतीच. ती मागून भराभर चालत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “दादा, आपण दक्षिणेला चाललोय का?”

राजगडावरून तोरण्याला जायचं म्हणजे तोंड पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. दक्षिणेचा संबंध नाही. मी थांबायला हवं होतं. मी काय केलं? मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “अगं, डोंगरातली वाट नागमोडीच असते. थोडी दक्षिणेला, थोडी उत्तरेला. काटा बघत चाललीस तर पाय घसरेल.” सगळे हसले. तीही हसली आणि तिने कंपास खिशात टाकला.

तिच्या कंपासाइतकंच स्पष्ट सांगणारी आणखी एक गोष्ट त्या वेळी घडत होती, ती मला फार नंतर सुचली. पावसाळ्यात या धारांवर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. सकाळपासून तो माझ्या डाव्या गालावर पाऊस मारत होता. त्या शेवटच्या तासात उजवा गाल गार पडला होता. वारा तोच होता, फिरलो होतो आम्ही.

उतार वाढला, कारवी दाट झाली, आणि मग धुक्याच्या खालून हिरवी चौकोनी भातखाचरं वर आली. त्यांच्या पलीकडे पाण्याचा मोठा पसारा. भाटघर धरणाचं पाणी. तोरण्याची वाट सोडून आम्ही दक्षिणेकडच्या एका सोंडेवरून भुतोंडे गावाच्या बाजूला उतरलो होतो.

माझ्या पोटात गोळा आला. पण चेहरा सांभाळून मी मागे वळलो आणि म्हणालो, “वर हवा फार खराब आहे. तोरण्याचा नाद आज नको. मी मुद्दामच खाली घेतलं.” लोकांनी काय केलं असेल? माझं कौतुक केलं. दादांचं जजमेंट म्हणजे जजमेंट. एकाने तर परतल्यावर, आमचा म्होरक्या मोहापेक्षा सुरक्षिततेला मान देणारा आहे, असं चार लोकांत सांगितलं. मी ते ऐकून घेतलं.

खाली एका झापात आम्हाला आजींनी कोरा चहा दिला. त्यांनी मात्र नेमकं विचारलं, “तोरन्याला जायाचं हुतं? मंग हिकडं कशाला उतरला?”

“वर ढग हायेत ना आजी.”

“ढग काय रोजचंच हायेत,” म्हणत त्या चुलीकडे वळल्या.

बाकीचे कपडे पिळण्यात गुंतले होते म्हणून मी वाचलो. रात्री भोरमार्गे पुण्याला आलो. कुणाला खरचटलंही नाही. हे माझं कर्तृत्व नव्हतं. त्याच धारेच्या दुसऱ्या एखाद्या सोंडेवर तोच हट्ट केला असता तर वाट खाचरात संपण्याऐवजी कड्यावर संपली असती.

पुढे काही वर्षांनी या प्रसंगाची मी गोष्ट केली, पण वेगळ्याच रूपात. ‘एकदा आम्हाला चकवा लागला.’ चकवा हा फार सोयीचा शब्द आहे. जुन्या माणसांनी तो भुतावर ढकलला, मी धुक्यावर. खरं तर चकवा अगदी साधा आहे. 2009 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य-चंद्र दिसत होते तोवर ती सरळ चालली, ढग आल्यावर वळत वळत आपल्याच जुन्या वाटेवर येऊन मिळाली. डोळे बांधल्यावर तर काही जण वीस मीटरच्या वर्तुळात फिरले, आणि आपण सरळ चालतोय अशी त्यांची पक्की समजूत होती. दिशेची उपजत जाण म्हणून ज्याची मी इतकी वर्षं फुशारकी मारली, ती उजेड होता तोवरचीच होती.

माझं मत बदललं ते डोंगरात नाही, घरात जेवणाच्या टेबलावर. 2020 च्या एप्रिलात सगळे घरात कोंडलेलो असताना माळा आवरायला काढला. ट्रंकेत जुन्या झेरॉक्सचं भेंडोळं निघालं. त्यात 47 एफ/11 आणि 47 एफ/12 असे दोन कागद होते. राजगड-तोरण्याला दोन शीट लागतात, कारण 18 अंश 15 मिनिटांची अक्षांशरेषा राजगडाला जवळजवळ चाटून जाते आणि शीट तिथेच संपतं. दोन्ही कागद सेलोटेपने चिकटवले. करायला दुसरं काही नव्हतं.

मूळ टोपोशीट रंगीत असतं. समोच्च रेषा, म्हणजे कंटूर, तपकिरी, पाणी निळं, झाडी हिरवी, पायवाटा तांबड्या. झेरॉक्समध्ये सगळं काळं. शेवयांचं ताट उपडं केल्यासारखं. मी मुलीचा निळा स्केचपेन घेतला आणि ओढे शोधून रंगवायला लागलो. ओढा आणि कंटूर वेगळे ओळखायचे कसे? कंटूर कधी फुटत नाही आणि दुसऱ्याला छेदत नाही. ओढा कंटूर कापत जातो, आणि वरच्या बाजूला झाडासारखा फांद्या फोडत जातो. तासाभरात दोन्ही बाजूंनी निळ्या फांद्यांची झाडं उभी राहिली. उत्तरेचं पाणी गुंजवणी-कानंदी नद्यांकडे, दक्षिणेचं वेळवंडीकडे. आणि दोहोंच्या मधे, जिथे एकही निळी फांदी पोचत नव्हती, तिथे एक पांढरी पट्टी आपोआप उरली. तीच धार. मी तिच्यावरून पाच-सहा वेळा चाललो होतो, आणि ती अशी आहे हे पहिल्यांदा पाहत होतो.

पट्टीवरून बोट फिरवत डांबरी रस्त्याच्या पुढे गेलो आणि एका जागी थांबलो. तिथे मुख्य धार उजवीकडे वळते, दोन रेषा खाली उतरते आणि पुन्हा चढते. या नकाशात दोन रेषांमध्ये 20 मीटरची उंची असते, म्हणजे 40 मीटरचा उतार. डावीकडे मात्र दोन ओढ्यांच्या मधून एक सोंड निघते, रुंद आणि सावकाश उतरणारी. रेषा लांब लांब. त्यांची टोकं डोंगरातून बाहेर आलेली, जशी सोंडेवर येतात. ओढ्यावर ती आत शिरतात. सोंड जरा वेळ सरळ जाते, मग हळूहळू दक्षिणेला कलते. खाली दोन-चार घरांच्या खुणा, खाचरं, पाणी.

नऊ वर्षं मी धुक्याला दोष दिला होता. पण चूक कुठे होते, कशी होते आणि केल्यावर माणूस कुठे जाऊन पोचतो, हे सगळं त्या कागदावर आधीपासून होतं. तसाच कागद त्या दिवशी माझ्यामागे दहा पावलांवर, प्लास्टिकच्या पिशवीत होता.

त्या क्षणी मला कळलं की मुलगी बरोबर होती, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ते खोटं आहे. ती बरोबर होती हे मला भातखाचरं दिसली तेव्हाच कळलं होतं. टेबलावर कळलं ते एवढंच की माझ्याकडे आता सबब उरली नाही.

मग शिकायला लागलो, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. निर्बंध सैल झाल्यावर पारदर्शक पट्टीचा कंपास घेतला आणि वेताळ टेकडी गाठली. घराजवळ, ओळखीची, हरवलो तरी अर्ध्या तासात चहा मिळेल अशी. पहिल्या दिवशी काट्याचं उलटं टोक उत्तर धरलं आणि पाषाणऐवजी नेमका विरुद्ध दिशेला, लॉ कॉलेजच्या बाजूला निघालो. दुसऱ्या दिवशी काटा दर दहा पावलांनी वेगळंच सांगू लागला. कंपास मी मोबाइलच्या खिशाजवळ धरत होतो.

मग तीन खुणांवर कंपास रोखून आपली जागा काढायचा प्रयोग. आपण कुठे आहोत ते माहीत नाही, पण तीन ओळखीच्या जागा दिसताहेत, तर प्रत्येकीची दिशा मोजायची, नकाशावर त्या जागेपासून उलटी रेघ ओढायची. तीन रेघा मिळतील तिथे आपण. मी पाषाण तलावाची भिंत, पर्वती आणि सिंहगड घेतले. पहिली अडचण म्हणजे पर्वती आणि सिंहगड शीटवरच नाहीत. 18 अंश 30 मिनिटांची रेषा पुण्याच्या अंगावरून जाते, त्यामुळे वेताळ टेकडी 47 एफ/14 वर आणि पर्वती खालच्या 47 एफ/15 वर. पुन्हा सेलोटेप. दुसरी अडचण म्हणजे तीन रेघा एका ठिपक्यात मिळत नाहीत, त्रिकोण होतो, आणि त्रिकोण जेवढा मोठा तेवढी आपली मोजणी गबाळी. माझा पहिला त्रिकोण अर्ध्या कोथरूडएवढा होता.

एका बाबतीत मात्र आपण सुदैवी. परदेशी पुस्तकांत खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतल्या फरकावर पानंच्या पानं असतात, कारण तिकडे तो फरक बराच पडतो. आपल्याकडे तो एक अंशाच्याही आत आहे. पायी चालणाऱ्याने विसरला तरी बिघडत नाही. म्हणजे तीन उत्तरांवरचा माझा विनोद तेवढा थोडाफार खरा निघाला!

सगळ्यात जास्त आवडलं ते पावलं मोजणं. सपाटीवर माझ्या डाव्या पायाची 64 पावलं म्हणजे शंभर मीटर. चढाला तीच 80 च्या वर जातात. दर शंभर मीटरला एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. ही युक्ती माझी नाही. सर्वेक्षक नैनसिंग रावत 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचला तो यात्रेकरूच्या वेशात, पावलं मोजत. हातातल्या माळेत 108 ऐवजी 100 मणी होते आणि दर शंभर पावलांना एक मणी सरकायचा. त्याच्या तोंडात मंत्र असतील असं लोकांना वाटायचं. माझ्या तोंडातले आकडे ऐकून टेकडीवर फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक बाजूला व्हायचे.

वेळेचा हिशेबही शिकलो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या पावसाळ्यात, बारा जणांच्या गटात, मी त्याची दीडपट धरतो. पण कोणता तरी आकडा मनात असणं महत्त्वाचं. पाऊण तासात खिंड यायला हवी होती आणि तास झाला तरी आली नाही, तर थांबायचं. पूर्वी मी म्हणायचो, ‘येईल आता.’

मोबाइलवर निळा ठिपका दिसतो मग हे सगळं कशाला, असं मला आता इतर लोक विचारतात, माझ्याच जुन्या सुरात. ठिपका मीही वापरतो. पण पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, थंडीत बॅटरी बसते, आणि मुख्य म्हणजे ठिपक्याकडे पाहणारा माणूस डोंगराकडे पाहत नाही. एवढंच बोलून मी गप्प बसतो. हसण्याचा अधिकार माझा गेलेला आहे.

2022 च्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा त्या धारेवर गेलो, दोघा मित्रांबरोबर. धुकं तसंच. चिंचोके मोजत त्या जागी पोचलो. मळलेली रुंद वाट सरळ समोर, डावीकडच्या सोंडेवर जात होती, आणि उजवीकडे खिंडीत उतरणारी आपली वाट गवतात हरवल्यासारखी. पावसात गुरं वर चरायला येतात ती त्या सोंडेवरून. ढोरवाट होती ती! मळलेली वाट सोडायची नाही, हा माझा सिद्धांत ठीक होता. ती कुणी मळली, एवढं विचारायचं राहून गेलं होतं. कंपास लावला, उजवीकडे वळलो, 40 मीटर उतरलो, आणि समोर चढ उभा राहिला. नकाशात होता तसाच. दुपारी तोरण्याच्या बुधला माचीवर होतो.

मला धास्ती होती की कागद हातात आला की माणसांशी बोलणं तुटेल. उलटच झालं. पूर्वी मी विचारायचो, “मामा, तोरण्याची वाट कुठली?” आणि उत्तर मिळायचं, “ही काय, सरळ.” आता मी विचारतो, “या दोन ओढ्यांच्या मधल्या सोंडेनं वर गेलं तर पाणी कुठल्या अंगाला राहतं?” मग मामा खाली बसतात, काठीने मातीत रेघा ओढतात. शीटवर ज्या टेपाडापुढे नुसता उंचीचा आकडा आहे, त्याचं नाव कळतं. शीटवर इंग्रजीत भलतंच छापलेलं गावाचं नाव खरं काय ते कळतं. मी ते पेन्सिलीने तिथेच लिहून ठेवतो.

आणि कागदाने दिलेल्या ठेचाही आहेत. दोन रेषांमध्ये 20 मीटर असतात, म्हणजे पंधरा मीटरचा सरळसोट कातळ त्यांच्यामध्ये बेमालूम लपू शकतो. एका घळीत मला तो भेटला. नकाशावर साधा उतार होता, प्रत्यक्षात दोर लागला असता. शीटची पाहणी कोणत्या वर्षीची हेही कोपऱ्यात वाचावं लागतं. माझ्या जुन्या शीटवर गुंजवणी धरण नाही. त्या पाण्याच्या जागी अजून शेतं आणि पायवाटा आहेत. परत फिरलो दोन्ही वेळा. परत फिरायला मला पूर्वी फार लाज वाटायची.

आज हे नकाशे मिळवणं पूर्वीइतकं अवघड नाही. 2017 पासून ‘सर्वे ऑफ इंडिया’ने बरेचसे नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घ्यायला खुले केले, आणि 2021 मध्ये सरकारने बहुतेक बंधनं उठवली. ज्यांना शिकायचंय त्यांनी थेट गडावर जाऊ नये. घरामागची टेकडी घ्यावी, निळा स्केचपेन घ्यावा.

त्या अकरा जणांपैकी सहा-सात जण अजून संपर्कात आहेत. त्यांनी हे वाचलं तर त्यांच्या ध्यानात येईल की त्या दिवशी मी मुद्दाम काही खाली घेतलं नव्हतं. वाट चुकलो होतो. ती मुलगी पुन्हा आमच्याबरोबर कधी आली नाही. ती आता कुठे असते मला ठाऊक नाही. तिच्यापर्यंत हा मजकूर पोचलाच तर: तुझा कंपास बरोबर होता. आपण दक्षिणेलाच चाललो होतो.